व्हरमाँट ते माँट्रियल: वाटेतल्या ब्रूअरीज, बॉर्डर आणि डिकीतले कॅन

जर्सीचा_जग्गू
मंडळी, लेबर डे वीकेंडला एडिसनहून गाडीने व्हरमाँटमार्गे माँट्रियलला जायचं चाललंय. आम्ही चौघं. मी, बायको, माझा कॉलेजातला मित्र आणि त्याची बायको. माझी बायको अजिबात घेत नाही, मित्राची बायको आम्हा दोघांना मिळून पुरून उरते. घरचा गणपती दीड दिवसाचा आहे, गुरुवारी विसर्जन करून शुक्रवारी पहाटे निघणार, त्यामुळे कृपया "गणपतीत कसली बिअर" हा मुद्दा काढू नये.

प्रश्न असे:
वाटेत कुठल्या क्राफ्ट ब्रूअरीज (छोटे, स्वतःच्या पद्धतीने बिअर बनवणारे कारखाने) चुकवू नयेत? मी गूगल मॅपवर ४१ पिना मारून ठेवल्यात आणि आता मलाच त्यातलं काही दिसेनासं झालंय. क्यूबेकमध्ये शिरल्यावर शोधायचं कसं, फ्रेंच आम्हाला "बाँजूर" एवढंच येतं. आणि बॉर्डरवरून किती बिअर नेता-आणता येते? मित्राचा चुलतभाऊ माँट्रियलला असतो, त्याला व्हरमाँटची हेडी टॉपर ही बिअर न्यायची आहे.

साबुदाणा
गणपतीत कसली बिअर?

जर्सीचा_जग्गू
@साबुदाणा आलात का :)

निशिगंधा_बॉस्टन
४१ पिना! अरे चार दिवस आहेत, चार धाम नाहीत. आम्ही मागच्या वर्षी असंच यादी घेऊन निघालो होतो, दिवसाला पाच ब्रूअरीज. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला नवरा एका टॅपरूमच्या (ब्रूअरीतल्या बारच्या) पार्किंगमध्ये गाडीतच झोपला आणि मी बाहेर बाकावर बसून लिंबू सरबत प्यायले. दिवसाला दोन. त्यातली दुसरी जिथे रात्री राहणार तिथून चालत जाता येईल अशी. बाकी पिना काढून टाक.

फेसाळ
माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागणार, आधीच माफी.

पहिलं म्हणजे हेडी टॉपरची गोष्ट माहीत असावी. ती बनवणारी द अल्केमिस्ट म्हणजे २००३ साली वॉटरबरी गावात सुरू झालेला एका नवरा-बायकोचा साधा ब्रूपब (बिअर स्वतः बनवणारा पब) होता. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळात गावात नदी शिरली आणि पब गेला. गंमत अशी की त्यांचं कॅन भरायचं नवं युनिट गावातच दुसरीकडे उभं राहत होतं, ते पुरानंतर दोनच दिवसांत चालू झालं आणि हेडी टॉपर कॅनमध्ये आली. तोवर ती फक्त पबमध्ये ग्लासात मिळायची. मग लोक बॉस्टन-न्यूयॉर्कहून कूलर घेऊन यायला लागले, इतके, की २०१३ मध्ये शेजाऱ्यांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून तिथलं दुकानच बंद करावं लागलं. आता स्टो गावात मोठी ब्रूअरी आहे, २०१६ पासून. आजकाल जी गढूळ, आंब्याच्या रसासारखी दिसणारी हेझी आयपीए (इंडिया पेल एल) गल्लोगल्ली मिळते, तिचं माहेर म्हणजे हा भाग. कॅनवर लिहिलेलं असतं की कॅनमधूनच प्या. मी ग्लासात ओततो.

दुसरं, हिल फार्मस्टेड. ग्रीन्सबरो भागात, कच्च्या रस्त्यावर, खानदानी शेतावर. २०१० पासून. शॉन हिलने बिअरांना आपल्या पूर्वजांची नावं दिलीत. एडवर्ड म्हणजे आजोबा, ॲबनर म्हणजे पणजोबा. रेटबिअर या बिअरांना गुण देणाऱ्या वेबसाइटने या ब्रूअरीला कितीतरी वर्षं जगात पहिला नंबर दिला होता. तिथे गेल्यावर समोर गवत आणि डोंगर, बाकी काही नाही.

तिसरं, वेट्सफील्डला लॉसन्स, सिप ऑफ सनशाइन बिअरवाले. चौथं, बर्लिंग्टनला तळ्याकाठी फोम. आणि बर्लिंग्टनमध्येच व्हरमाँट पब अँड ब्रूअरी, १९८८ ची. ती काढण्याआधी ग्रेग नूनन यांना आधी राज्याचा कायदा बदलून घ्यावा लागला होता, कारण जिथे बनवली तिथेच विकायची परवानगीच नव्हती. आता ते नाहीत, पण आज ज्या रस्त्यावर तू ४१ पिना मारतोयस त्या रस्त्याची पहिली कुदळ त्यांची.

चिंतामणराव
पूर्वजांची नावं बिअरला! आमच्या आजोबांचं नाव बिअरला दिलं असतं तर पिंडाला कावळा शिवला नसता.

रानभूल
@चिंतामणराव हसून हसून पुरेवाट. "एक थंड विष्णुपंत द्या हो."

तळ्यात_मळ्यात
मला हे क्राफ्टचं प्रकरणच कळत नाही. तीन तास गाडी चालवायची, रांगेत उभं राहायचं, मग चार अंगठ्याएवढे ग्लास एका फळीवर मांडून आणतात आणि म्हणायचं की यात ग्रेपफ्रूट आणि ओल्या मातीचा वास येतो. गार किंगफिशर आणि मसाला शेंगदाणे यांच्यापुढे सगळं झूट. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

फेसाळ
@तळ्यात_मळ्यात दिवा घेतला, पण त्या फळीबद्दल असं बोलायचं नाही. त्याला फ्लाइट म्हणतात आणि गाडी चालवणाऱ्या माणसाने किती घेतली याचा हिशोब त्यानेच राहतो.

माँट्रियलची_मावशी
अरे वा, आमच्या गावी येताय! मी इथे १९ वर्षं आहे, प्लाटो भागात राहते, त्यामुळे फ्रेंचची भीती सोडा, इथे बारमध्ये सगळे इंग्रजी बोलतात. फक्त आत शिरताना "बाँजूर" म्हणायचं, ते तुम्हाला येतंच.

शोधायचं कसं ते सांगते. मॅपवर "ब्रूअरी" टाकू नका, "मिक्रोब्रासरी" टाका. निम्मी ठिकाणं इंग्रजी शब्दाने दिसतच नाहीत. बार नसलेलीही सापडतील. दुसरं, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, त्याला देपानर म्हणतात, देप म्हटलं तरी चालतं. इथे बिअर देपमध्ये मिळते, रात्री ११ पर्यंत. काही देप असे आहेत की बाहेरून दूध-पाव-सिगरेट आणि आत एक अख्खी भिंत गावोगावच्या मिक्रोब्रासरींची. मालकाला विचारायचं, या आठवड्यात नवीन काय आलं. माझ्या अनुभवात ते लोक ॲपपेक्षा भारी.

मेन्यूवर ब्लाँड, ब्लाँश, रूस, न्वार असं रंगावरून लिहिलेलं असतं. ब्लाँश म्हणजे गव्हाची, रूस म्हणजे लालसर, न्वार म्हणजे काळी. फ्लाइटला पालेत द देगुस्तास्याँ. हे एकदा म्हणून दाखवलंत तर वेटर खूश, दोनदा म्हणायला लागलं तर समजा पुरे झाली.

द्यो द्यू सिएल चुकवू नका. लोरिए रस्त्यावर, १९९८ पासून. त्यांची पेशे मोर्तेल म्हणजे "महापातक", कॉफी घातलेली इंपीरियल स्टाउट (काळी, कडक बिअर), ९.५ टक्के. नावाला जागते. रूत देझेपीस म्हणजे मसाल्यांचा रस्ता, राय (rye) धान्याच्या बिअरमध्ये मिरी. आपल्या लोकांना हटकून आवडते, माझ्या सासूबाईंनी वास घेऊन "सार आहे का" विचारलं होतं. आणि रोझे दिबिस्कुस, जास्वंदाची, गुलाबी रंगाची.

साबुदाणा
जास्वंदाची??? गणपतीत???

माँट्रियलची_मावशी
@साबुदाणा आधी बाप्पाला दाखवायची, मग प्रसाद.

रानभूल
धागा सुफळ संपूर्ण. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

अण्णा_टोरांटोकर
मावशी, तुमच्या देपचं ऐकून जळफळाट झाला. आमच्या ऑन्टॅरियोत १९२७ पासून सरकारी दुकान नाहीतर बिअर स्टोअर, तिसरी गोष्ट नाही. मग सुपरमार्केटवाल्यांना थोडी सूट मिळाली. कोपऱ्यावरच्या दुकानात बिअर मिळायला सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला. क्यूबेकवाले आम्हाला हसायचे ते बरोबरच होतं.

कागदपत्रे_काका
बॉर्डरचा मुद्दा कोणी घेत नाही म्हणून लिहितो. वाचून कंटाळा आला तरी वाचा.

जाताना: कॅनडात पाहुण्याला माणशी ८.५ लिटर बिअर ड्यूटी न भरता नेता येते, म्हणजे ३५५ मिलीचे २४ कॅन. किंवा दीड लिटर वाइन. किंवा १.१४ लिटर हार्ड लिकर. यातलं एकच, तिन्ही नाही. क्यूबेकमध्ये वय १८ हवं.

येताना: ४८ तासांहून जास्त राहून परत आलात तर माणशी १ लिटर अल्कोहोल ड्यूटी फ्री, वय २१. ४८ तासांच्या आत परतलात तर १५० मिली. याच्यावर आणता येत नाही असं नाही, जाहीर करायचं, ड्यूटी लावली तर भरायची. घरी प्यायला म्हणून थोडी असेल तर रक्कम किरकोळ होते. लपवायची मात्र नाही. बिअर जप्त झाली तर चालेल, खोटं बोलल्याची नोंद झाली तर पुढच्या प्रत्येक वेळी आत बोलावतील.

व्हिसा: ग्रीनकार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, भारतीय पासपोर्ट वैध हवा आणि मूळ कार्ड खिशात हवं. एच१बीवाल्याला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, तो आठवड्यात मिळत नाही.

आणि एक. कॅनडात डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं हा गंभीर गुन्ह्यात धरला जातो. ज्याच्या नावावर अमेरिकेत जुनी डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची केस) आहे त्याला बॉर्डरवरूनच परत पाठवू शकतात. ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर आत्ताच विचारून घ्या, बॉर्डरच्या रांगेत हा विषय निघू नये. आमच्या एका ओळखीच्याचा तसा निघाला होता, सासरे गाडीत असताना.

पुणेकर_पीटर
@कागदपत्रे_काका एक शंका. व्हरमाँटचे क्राफ्ट कॅन ३५५ चे नसतात, १६ औंसाचे म्हणजे ४७३ मिलीचे असतात. १८ कॅन धरले तर ८.५१४ लिटर होतात. १४ मिली जास्त. अठरावा कॅन न्यावा की नाही?

कागदपत्रे_काका
२४ गुणिले ३५५ केलंत तर ८.५२ येतं, आणि ते त्यांनीच चालेल म्हटलंय. न्या अठरावा.

पुणेकर_पीटर
धन्यवाद. पण मग ६ मिली अजून शिल्लक राहतात.

तळ्यात_मळ्यात
आणि १५० मिली? आमच्याकडे खोकल्याची बाटली त्याहून मोठी असते.

बांद्याचो_बाबलो
अरे बाबांनो, तुमका कॅनडाचा पडलासा! हय आमच्या इन्सुलीच्या नाक्यार येवन बघा. गोव्यातसून येताना डिकीत एक जरी बाटली गावली तर तुमचो साहेब इंग्लिश बोलणारो नाय आणि बाँजूर म्हणून भागणारा पण नाय.

हसण्यावारी नेऊ नका. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. एकाच देशातल्या दोन राज्यांच्या मधे आमची ही अवस्था, आणि तिकडे दोन देशांच्या मधे १८ कॅन हसत हसत. आमच्या गावातली अर्धी पोरं गणिताला नापास पण कुठल्या गाडीत कुठल्या सीटखाली किती बाटल्या बसतात ते तोंडपाठ.

रानभूल
बाबल्या :D अवांतर: गोव्यातही आता क्राफ्ट बिअर आहे की, सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी मी मागच्या ट्रिपला प्यायले. तिथेच प्यायले, नाका ओलांडला नाही.

फेसाळ
आणि पुण्यात डूलाली ही क्राफ्ट ब्रूअरी २००९ मध्ये सुरू झाली. माझं या व्यसनाचं बालपण तिथलं. तोवर बिअर म्हणजे माइल्ड की स्ट्राँग एवढाच प्रश्न असतो असं वाटायचं.

इतिहासात_नापास
बाबल्याच्या सीटखालच्या बाटल्यांवरून आठवलं. स्टोच्या वर जो घाट आहे, रूट १०८, त्याचं नावच स्मगलर्स नॉच. १८०७ मध्ये जेफरसनने परदेशी व्यापारावर बंदी घातली तेव्हा व्हरमाँटच्या शेतकऱ्यांचं गिऱ्हाईक माँट्रियलला, मग गुरंढोरं आणि माल या खिंडीतून रातोरात कॅनडात. पुढे १९२० ते १९३३ दारूबंदीत उलटी गंगा, क्यूबेकची दारू याच खिंडीतून खाली. क्यूबेकने बिअर-वाइनवर कधी धड बंदी घातलीच नाही, त्यामुळे अमेरिकेची तहान भागवायला ते बसलेलेच होते.

तो घाट बघाच. दोन्ही बाजूला गाडीएवढ्या शिळा आणि मधून जेमतेम रस्ता. दरवर्षी कोणीतरी ट्रकवाला जीपीएसच्या नादाने अडकतो. हिवाळ्यात बंद असतो, तुम्ही जाताय तेव्हा उघडा.

निशिगंधा_बॉस्टन
त्या घाटात चालकाने काहीही घेतलेलं नसावं, हे ठळक अक्षरात.

फेसाळ
आता मी मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळे बॉर्डरवर अडकलेत. जग्गू, तुझा रूटच उलटा कर.

तू म्हणतोस जाताना व्हरमाँट, मग क्यूबेक, मग सरळ घरी. म्हणजे हेझी आयपीएचे कॅन तू पहिल्या दिवशी घेणार आणि ते चार दिवस डिकीत फिरणार. त्यांचा जीव होप्सच्या (बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांच्या) वासात, म्हणजे त्यातल्या तेलात असतो. ते तेल हवेने आणि उष्णतेने उडतं-बिघडतं. ऑगस्टातल्या गाडीत दोन दुपारी काढल्या की आंबा जाऊन ओला पुठ्ठा उरतो. ती कारखान्याच्या दारात प्यायची चीज आहे, आणि नेलीच तर बर्फात ठेवून थेट घरच्या फ्रिजमध्ये.

क्यूबेकची जी खासियत आहे ती नेमकी उलटी. शाँब्लीची युनिब्रू ही ब्रूअरी घे. त्यांची ला फँ द्यू माँद, ९ टक्के, बाटलीत पुन्हा आंबवलेली, तळाशी यीस्ट जिवंत असतं आणि ते आत राहिलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. ती प्रवास सोसते, काळोखात ठेवली तर वर्षभर टिकते. म्हणजे बॉर्डर ओलांडायला लायक बाटली ती. (हो, ती अमेरिकेतही मिळते, आणि २००६ पासून मालक जपानी सापोरो आहे, हे मला माहीत आहे, कोणी सांगू नये.)

म्हणून: वर जाताना ९१ नंबरच्या हायवेने जा, हिल फार्मस्टेडला एकेक ग्लास, मग डर्बी लाइनला बॉर्डर. पलीकडे मॅगॉग, शाँब्ली, माँट्रियल. येताना ८९ ने, बर्लिंग्टन, स्टो, कॅन घ्या आणि तडक एडिसन. सगळ्या नाजूक बिअरा बॉर्डरच्या अलीकडे. चुलतभावासाठी एक फोर-पॅक तेवढा कूलरमध्ये न्या.

माँट्रियलची_मावशी
फेसाळशी सहमत, आणि चुलतभावासाठी नक्की न्या. मार्च २०२५ पासून इथल्या सरकारी दुकानातून अमेरिकन दारू काढून टाकलीय, टॅरिफच्या भांडणात.

मॅगॉगला ला मेम्फ्रे आहे, मेम्फ्रेमॅगॉग तळ्याजवळ. तळ्यात मेम्फ्रे नावाचा राक्षस राहतो म्हणे. तळं अर्धं-मुर्धं दोन्ही देशांत, राक्षसाला व्हिसा लागत नाही. वेळ असेल तर डनम गावातली ब्रासरी डनम, आजूबाजूला द्राक्षमळे आणि सफरचंदं. त्या भागातली आइस सायडर, गोठलेल्या सफरचंदांची, चाखाच.

माँट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही. न्यू जर्सीचे लोक हमखास वळतात.

हापूस_इन_हार्टफर्ड
फेसाळराव, हेझीला एवढं डोक्यावर घेऊ नका. सगळ्या एकसारख्या लागतात, ज्यूस आणि नंतर पोटात गॅस. स्टोला व्हॉन ट्रॅप आहे, तेच ते 'साउंड ऑफ म्युझिक'मधलं गाणारं ऑस्ट्रियन कुटुंब, अमेरिकेत येऊन इथेच स्थायिक झालं. त्यांची लागर प्या. स्वच्छ, पिवळी, आरपार दिसणारी. लागरमध्ये चूक लपवता येत नाही, हेझीत मेलेला उंदीरही लपेल.

फेसाळ
@हापूस_इन_हार्टफर्ड उंदराचं मागे घ्या, बाकी मान्य. व्हॉन ट्रॅपची पिल्सनर मलाही आवडते. हे इथे कबूल केलं, बाहेर नाकारीन.

तळ्यात_मळ्यात
स्वच्छ, पिवळी, आरपार दिसणारी. म्हणजे किंगफिशर.

शाकाहारी_श्री
पूटीनबद्दल कोणी बोललं नाही? बटाटा, चीज आणि वर जी ग्रेव्ही असते ती बहुतेक वेळा मांसाची असते, विचारल्याशिवाय खाऊ नका. मी पहिल्या वेळी निम्मं संपवल्यावर विचारलं. व्हेज सॉस मिळतो, मागावा लागतो.

निशिगंधा_बॉस्टन
@जग्गू, आणि न पिणाऱ्या बायकोचं काय? सगळ्यांनी गृहीत धरलंय की ती गाडी चालवणार. तिला कोणी विचारलं का?

जर्सीचा_जग्गू
विचारलं. ती म्हणाली चालवते, पण मग गाणी मी लावणार आणि थांबे मी ठरवणार. आत्ता यादीत ६ ब्रूअरीज, २ किल्ले आणि १ लायब्ररी आहे.

इतिहासात_नापास
लायब्ररी म्हणजे हॅस्कल असणार! डर्बी लाइन आणि स्टॅनस्टेडच्या मधोमध, १९०४ ची. वाचनालयाच्या जमिनीवर काळी पट्टी आहे तीच बॉर्डर. पूर्वी कॅनडाचे लोक फुटपाथवरून चालत येऊन अमेरिकेच्या बाजूच्या दाराने आत जायचे, २०२५ मध्ये तेही आवळलं. वहिनींची निवड उत्तम.

जर्सीचा_जग्गू
(दहा दिवसांनी)
आलो. जिवंत आहे. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. हिल फार्मस्टेडला पोचेपर्यंत दुपार, शेवटचे काही मैल फोनला रेंज नाही आणि रस्ता मातीचा, बायको म्हणाली तू मला नक्की बिअर प्यायलाच आणलंयस ना. मग पाटी दिसली. एडवर्ड घेतली. फेसाळ, गवत आणि डोंगर, बाकी काही नाही, हे तू लिहिलंस ते अगदी तसंच. आम्ही दोन तास बसलो आणि दोनच ग्लास झाले. घाई कशाला नि कसली, असं झालं. त्या दोन तासांत माझ्या ४१ पिनांपैकी सात उडाल्या.

रात्री न्यूपोर्टला मुक्काम. शनिवारी आधी लायब्ररी, काळ्या पट्टीवर दोन पाय दोन देशांत ठेवून फोटो, मग बॉर्डर. ऑफिसरने विचारलं अल्कोहोल? मी काही बोलायच्या आत मित्राची बायको मागून ओरडली "फक्त चार कॅन, पण ते माझे नाहीत." तो हसला आणि सोडलं. (हेडी टॉपरचे चार. उलटा रूट केल्यामुळे स्टो लागणारच नव्हतं, ते वाटेत एका दुकानात मिळाले.)

मॅगॉगला ला मेम्फ्रेत जेवलो, राक्षस दिसला नाही. शाँब्लीचा किल्ला नदीकाठी आहे, सुरेख. तिथे एक माणूस भेटला, त्याने मोदित नावाच्या बिअरच्या लेबलाची गोष्ट सांगितली. लाकूडतोडे सैतानाशी करार करून उडत्या होडीतून ख्रिसमस-नववर्षाच्या सुमाराला घरी जातात. मोदित म्हणजे शापित. घरापासून लांब राहणाऱ्या लोकांनी एका रात्रीसाठी घरी जायला सैतानाशी करार केला, हे ऐकून आम्ही चौघं जरा वेळ गप्प झालो, मग मित्र म्हणाला, म्हणजे डिसेंबरातलं मुंबईचं तिकीट.

माँट्रियलला मावशी म्हणाल्या तसं सगळं चालत. द्यो द्यू सिएलमध्ये मिरीची प्यायली, खरंच साराचा वास येतो! महापातक चौघांत नाही, तिघांत एक घेतलं. जास्वंदाची मित्राच्या बायकोने घेतली, आधी ग्लास उंचावून "मोरया" म्हणाली, शेजारच्या टेबलवाल्यांनीही म्हटलं. रात्री साडेअकराला सेंट व्हिएटरचे गरम बेगल रस्त्यावर उभं राहून खाल्ले. त्यापुढे कुठलीच बिअर आठवत नाही, आणि याचं कारण बिअर नाही.

बायकोला देपमध्ये बिएर देपिनेत नावाची बाटली मिळाली, स्प्रूस झाडाची, अल्कोहोल नसलेली. एक घोट घेऊन म्हणाली छातीला लावायचा बाम कोणीतरी सोड्यात घातलाय. पण संपवली. दुसरी पण घेतली.

सोमवारी सकाळी अकराला परत बॉर्डर, ४८ तासांचा हिशोब काकांसाठी पाळला. रांग दीड तासाची. आमच्याकडे ७५० मिलीच्या सहा बाटल्या, म्हणजे साडेचार लिटर, चौघांचे चार लिटर, अर्धा लिटर जास्त. मी ते सगळं एका कागदावर लिहून ठेवलं होतं. ऑफिसरने विचारलं, बायकोने कागद पुढे केला. त्याने तो नीट वाचला, आमच्याकडे बघितलं, कागद परत दिला आणि म्हणाला जा.

मग चूक केली ती माझी. स्टोला ज्या ठिकाणी शेवटचे कॅन घ्यायचे होते ते सोमवारी उघडं आहे का हे पाहिलंच नव्हतं. बंद. तिथून घाटाने वर जाऊन बायकोने गाडी थांबवली आणि शिळांवर बसून आम्ही देपमधून आणलेले चिप्स खाल्ले.

कागदपत्रे_काका
अर्धा लिटर जाहीर केलंत हे उत्तम. कागद जपून ठेवा.

पुणेकर_पीटर
सहा बाटल्या, चार माणसं. वाटणी कशी केली?

जर्सीचा_जग्गू
तीन-तीन. पण बायकोचं म्हणणं आहे की तिच्या नावावरचा एक लिटर धरला नसता तर एक बाटली कमी आली असती, त्यामुळे ती बाटली तिची. ती पीत नाही. बाटली देवघराच्या खालच्या कपाटात आहे आणि मला हात लावायचा नाही असं सांगितलंय.

फेसाळ
कुठली आहे?

जर्सीचा_जग्गू
ला फँ द्यू माँद.

फेसाळ
मग राहू दे, टिकेल. पुढच्या गणपतीपर्यंत तर नक्की.

साबुदाणा
गणपतीत??